चिमटीनं दिलेलं औषध

सारिमसाक रंगारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, आणि नेहमीसारखा सलाम करून खाली बसायचं सोडून हमरोकुल अत्ताराच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. हमरोकुल खलात बडीशेप कुटत होता. मर्गिलानच्या बाजारात अजून गर्दी व्हायची होती. समोरचा नानवाला तंदुरातून पहिला घाणा काढत होता.

"बस की रे. उभा राहून उजेड का अडवतोस?"

"आका, एक विचारू? तुमची दाढी कुठल्या रंगाची आहे?"

"सकाळी सकाळी माझं वय काढायला आलास?"

"हसू नका. मला पिवळी दिसतेय."

हमरोकुलने बत्ता खाली ठेवला.

सारिमसाक पायरीवर बसला. कोपरापर्यंत रंगलेले हात त्याने मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. "पहाटेची नमाज झाली आणि कारखान्यात गेलो. पांढऱ्या रेशमाच्या लडी टांगलेल्या होत्या, त्या सगळ्या पिवळ्या. वाटलं, कामगारांनी न विचारता बुडवल्या. दोघांना शिव्या घातल्या. ते बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. घरी आलो तर दही पिवळं, भिंत पिवळी, बायकोचा रुमाल पिवळा. जांभळी लड हातात घेतली तर काळीठिक्कर. जन्मभर लोकांना पिवळा रंग विकला, आका. तोच आता माझ्या डोळ्यांत उतरला का?"

"जंतांचं औषध कधी घेतलंस?"

"तुम्ही सांगितलंत तसं. पहाटे, अनशापोटी."

"सगळं?"

"हरभराभर तर होतं. त्यातलं उरवायचं काय?"

हमरोकुलने त्याला डोळे वर करायला लावले, खाली करायला लावले, हात पुढे धरायला लावला. हात थरथरत नव्हता. "घाबरू नकोस. उद्यापर्यंत उतरेल. पाणी पी, भरपूर. आणि आज रंगाच्या कढईजवळ जाऊ नकोस, नाहीतर मर्गिलानच्या सगळ्या नवऱ्या हिरव्यागार होऊन सासरी जातील."

सारिमसाक हसला. सुटल्यासारखा हसला, आणि उठून गेला. हमरोकुल मात्र हसू तोंडावर तसंच ठेवून जंतांच्या पुडीच्या बरणीकडे बघत राहिला.

ती पूड नवीन होती. जंतांवर त्याच्या बापाने आणि आज्याने जन्मभर किरमाणी ओव्याचं बी विकलं. पिवळसर, बारीक, कडू. उत्तरेकडच्या माळावरून पोत्यांनी यायचं. मग उरुसांनी, म्हणजे रशियन लोकांनी, तो माळच ठेक्याने घेतला. त्यांनी तिकडे कारखाना घातला, आणि बी बाजारात यायचं बंद झालं. आईबाप पोरांना घेऊन येत, हमरोकुल त्यांना भोपळ्याच्या बिया देऊन वाटेला लावी. मग एक गाडीवान आला आणि त्याने रुमालाच्या गाठीतून पांढरी, चमचमती पूड काढून दाखवली. कारखान्यातून चोरून आणलेली. "हा ओवा नव्हे आका, ओव्याचा जीव आहे. गाडीभर बी शिजवावं तेव्हा ओंजळभर निघतो. जपून द्या. तिथल्या कामगारांच्या नाकातोंडात जातो तर त्यांना दुनिया पिवळी दिसते. आणखी गेला तर हातपाय झटकत पडतात."

हमरोकुलने जपूनच दिली होती. मोठ्या माणसाला तागडीत हरभऱ्याचा दाणा घालून, तेवढ्याच वजनाची. सारिमसाकला काल तशीच मोजून दिली. आणि तेवढ्याने त्या दांडग्या माणसाला दाढी पिवळी दिसत होती.

पण आज सकाळी दुकान उघडताना एक बाई आली होती. लेकरासाठी.

लेकराचं औषध तागडीत घालत नाहीत. मर्गिलानच्या अत्तार-पेठेत हे कोणी कोणाला शिकवत नाही. बाप देतो तसं मुलगा देतो. लेकराचं औषध ताजव्यात गेलं की वर कुठेतरी त्याच्या आयुष्याचंही वजन होतं, असं म्हणतात. म्हणून लेकराला चिमटीनं द्यायचं, तीन बोटांच्या, आणि हात आखडता न घेता, कारण लेकराला देताना ज्याचा हात आखडतो त्याच्या दुकानाला बरकत नाही. बाई म्हणाली, "जंत झालेत, लेक वाळत चाललीय," आणि हमरोकुलच्या हाताने आयुष्यभर जे केलं तेच केलं. बरणीत तीन बोटं घातली, भरगच्च चिमूट उचलली, कागदावर सोडली. बी असतं तर ते योग्यच झालं असतं.

त्याने आता तागडी ओढली. बरणीतून तशीच चिमूट घेतली, पारड्यात टाकली, दुसऱ्या पारड्यात हरभरे टाकत गेला. एक. दोन. तीन. काटा चौथ्याला सरळ झाला.

आणि त्यानेच तिला वर सांगितलं होतं, "दुपारच्या नमाजेपर्यंत उपाशी ठेवा. मग तुतीचा पाक चाटवा, जंत गोडाला तोंड वर काढतात, आणि त्यावर ही पूड द्या."

सूर्य छपराच्या बराच वर आला होता.

हमरोकुलने फळ्या लावायला घेतल्या तसा नानवाला म्हणाला, "आका, एवढ्यात? कोणाची मयत?"

"तोंड सांभाळ," हमरोकुल म्हणाला, आणि त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

कोण होती ती? अंगभर परंजीचा बुरखा, तोंडावर घोड्याच्या केसांची काळी जाळी. बाजारात येणाऱ्या सगळ्याच बायका तशा. नाव विचारायची रीत नव्हती. आवाज तरुण. आणि तिच्याकडे न बघायची सवय म्हणून हमरोकुल अशा वेळी खाली बघे, तसा त्याने खाली बघितलं होतं. तिचे जोडे तेवढे त्याला आठवत होते. डाव्या जोड्याच्या चवड्याला ठिगळ होतं. हिरव्या दाणेदार कातड्याचं, अर्ध्या चंद्रासारखं कापलेलं.

नियाझमत मोच्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दोघे लहानपणी एकाच ओढ्यात पोहलेले. नियाझमत तोंडात दोऱ्याचं टोक धरून टाच शिवत होता.

"हिरव्या दाणेदार कातड्याचं ठिगळ," हमरोकुलने दम खात विचारलं. "बाईच्या जोड्याला, चवड्यावर. तू लावलंस?"

नियाझमतने दोरा तोंडातून काढला. "बाईच्या जोड्याला."

"हो."

"दाढी पांढरी झाली, आता तू बायकांचे पाय बघायला लागलास?"

"नियाझमत, घाई आहे. तिची एक पुरचुंडी दुकानात राहिली. पोचवायची आहे."

"मग ठेव ना इथे. जोडे पुन्हा दुरुस्तीला येतील तेव्हा देतो. पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. तिचे तळवे जोडे खातात." नियाझमतने पुन्हा आरी उचलली. "पुरचुंडी कुठाय?"

हमरोकुलचे दोन्ही हात रिकामे होते. तो ते लपवायला गेला आणि लपवता आले नाहीत. खोटं बोलायला आपण केवढा वेळ घालवला, हे त्याच्या लक्षात आलं. रस्त्यावरची सावली उंबऱ्याकडे सरकत होती.

"पुरचुंडी नाहीये," तो म्हणाला. "मी तिला तिच्या पोरीसाठी औषध दिलंय. चौपट दिलं. चौपट मोठ्या माणसाच्या. मोठ्याचं मापही पोरीला झेपलं नसतं. ती दुपारी देईल."

नियाझमतने आरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुतीच्या गल्लीतलं आहे ते ठिगळ."

"घर कुठलं?"

"ते कसं कळणार? बायका काय स्वतः जोडे घेऊन येतात? गल्लीतला म्हातारा पखालवाला सगळ्या घरांचे जोडे एका टोपलीत घालून आणतो, तसेच नेतो. विणकरांची गल्ली आहे. दहा-बारा दारं असतील." तो उठून मोजडी पायात सारत होता. "पखालवाला आता ओढ्यावर असेल, त्याला शोधत बसू नकोस. तू हो पुढे. मी दुकान लावून आलोच. आणि ऐक. आक्साकालला कळलं तर तुझी बैठक उलटतील."

ते हमरोकुलला सांगायला नको होतं. ज्या अत्ताराच्या हातून घात होतो, त्याच्या दुकानातली सतरंजी पेठेचा म्होरक्या, आक्साकाल, सगळ्यांसमोर उलटी घालतो. मग त्या सतरंजीवर कोणी बसत नाही, त्या माणसाकडून जिरंही घेत नाही. हमरोकुलने अशी एक सतरंजी पाहिली होती. तो माणूस पुढे अंदिजानला निघून गेला म्हणत, की आणखी कुठे. कोणी चौकशी केली नव्हती.

तुतीच्या गल्लीत सगळी दारं बंद होती. पुरुष मागावर गेलेले. दोन्हीकडच्या मातीच्या भिंतींवरून तुतीची झाडं डोकावत होती, पण त्यांच्यावर पानच नव्हतं. रेशीमकिड्यांचे दिवस होते, आणि सगळी पानं घरात गेली होती. भिंतीला कान लावला तर आत हजारो किडे पानं कुरतडत असल्याचा करकर आवाज येई. या दिवसांत घरचे पाहुणेही बाहेरच्या बाहेर जातात. परक्या नजरेने किडे अन्न सोडतात.

हमरोकुलने पहिल्या दाराची कडी वाजवली. आतून टाळी वाजली, दोनदा. म्हणजे घरात पुरुष नाही, जा.

"बहिणी, मी अत्तार..."

पुन्हा टाळी, आता जोरात.

दुसऱ्या दारातून म्हातारा आवाज आला. "कोण आहे ते? लांब व्हा. हिंगाचा भपकारा येतोय. किडे शेवटच्या झोपेतून उठलेत आमचे, तुमच्या वासाने मरतील."

"अम्मा, तुमच्या घरात कोणा लेकराला जंत..."

"आमच्या घरात सगळे बरे आहेत, अल्लाची कृपा. कोणाची नजर लावायला आलात?"

तिसऱ्या दाराला त्याने हात लावला आणि तो हात तसाच राहिला. परका पुरुष, भर दिवसा, दारोदार बायकांना हाका मारतोय. पाचव्या दारापर्यंत कोणीतरी दांडकं घेऊन येईल, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायच्या आधी मारेल. आणि ज्या दारामागे ती आहे, ती तरी का ओ देईल?

"काय हो आका, तुम्हीसुद्धा दारोदार हिंडायला लागलात?"

गल्लीच्या तोंडाशी सनोबर उभी होती. लुली जमातीची भटकी बाई, उघड्या तोंडाची, कमरेला झोळी, हातात लोखंडी पळी. पळीत निखाऱ्यांवर हरमळ धुमसत होतं. नजर काढायला ती घरोघर धुरी देत फिरे, आणि मिळेल तो नानचा तुकडा घेई. अत्तार-पेठेत तिला कोणी उभं करत नसे. हमरोकुल म्हणायचा, हिच्या धुराने माझं केशर नासतं.

"सनोबर, तू या घरांत जातेस?"

"जाते. मला कोण अडवतं? मी बाई आहे आणि मी कोणीच नाही." तिने पळी हलवली. "गेल्या जुम्म्याला तुम्ही या पळीवर पाणी ओतलंत. भरल्या बाजारात. आठवतं?"

"आठवतं."

"बरं. आठवतं म्हणता, हेही काही कमी नाही. काय पाहिजे?"

त्याने सांगितलं. सनोबरचा चेहरा बदलत गेला. तिने भिंतीकडेच्या पाटात पळी बुडवली. निखारे चरचरत विझले. "धूर घेऊन आत गेले तर किड्यांपायी हाकलतील," ती म्हणाली, आणि पहिल्या दारातून बिनदिक्कत आत शिरली.

हमरोकुल भिंतीला टेकून उभा राहिला. एक दार, दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी सनोबर बाहेर येई आणि मान हलवून पुढच्या दारात शिरे. नियाझमत येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. सावली भिंतीच्या बुडाशी आली होती. आता कोणत्याही क्षणी मशिदीतून बांग ऐकू आली असती.

सनोबर शेवटच्या दारातून परत आली. "सगळी लेकरं ठणठणीत आहेत. सगळ्यांच्या आया तेच म्हणतात."

"म्हणजे ती इथली नाही?"

"म्हणजे त्यातली एक खोटं बोलतेय. आका, तुम्ही पुरुष काय ते पुरुषच. जिची पोरं जगत नाहीत ती बाई दुखणाऱ्या लेकराचं नाव परक्यापाशी काढते का? आणि माझ्यापाशी? मी विचारलं तर त्यांना वाटतं, ही नजर काढायच्या निमित्ताने नान उकळायला आली. मी 'अत्ताराचं औषध देऊ नका' म्हणाले, तर एक म्हणते कशी, धंद्यातलं भांडण आमच्या घरात आणू नकोस."

"मग?"

"मग तुम्ही सांगा. इथे मधोमध उभे राहा आणि आपल्या तोंडाने सांगा. अत्तार स्वतःच्या औषधाला विष म्हणाला तरच ऐकतील. दुसऱ्याने म्हटलेलं कोण ऐकतं?"

हमरोकुलने गल्लीकडे पाहिलं. इथे बोललेलं संध्याकाळी मागावर पोचेल, उद्या सकाळी पेठेत. आज्याने बसवलेलं दुकान. तो गल्लीच्या मधोमध गेला आणि बोलला. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"हे तुम्ही स्वतःला सांगितलंत," सनोबर म्हणाली. "आता गल्लीला सांगा."

त्याने छाती भरून श्वास घेतला.

"मी हमरोकुल अत्तार. बाजारात नानवाल्याच्या समोर माझं दुकान आहे. आज सकाळी या गल्लीतल्या एका आईला मी लेकराच्या जंतांवर पांढरी पूड दिली. ती मी फार जास्त दिली. तेवढ्याने लेकरू दगावेल. हिरवं ठिगळ लावलेले जोडे घालून ती आली होती. बहिणी, देऊ नकोस ती पूड. दिली असशील तर सांग. तुझा काही दोष नाही. दोष माझ्या हाताचा आहे."

भिंतींमागे किडे कुरतडत होते. दुसरं काही ऐकू येईना. त्याने ते सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज चिरकला.

डावीकडच्या चौथ्या दाराची कडी आतून वाजली.

"आका." सकाळचाच आवाज होता. "मी दिलं."

हमरोकुलने धावत ते दार गाठलं.

"दुपारी द्यायचं होतं ना?"

"भुकेने रडत होती. ऐकेना. म्हटलं, लवकर दिलं तर लवकर जेवेल."

"किती दिलंस?"

"थोडं. चमच्याच्या टोकावर. कडू लागलं तर निम्मं थुंकली."

सनोबर आत गेली आणि पुडी घेऊन आली. कागद उघडलेला होता. हमरोकुलने तो तळहातावर धरला. पूड पांढरी, चमकती. एवढीच दिली होती का? की याहून जास्त? त्याने डोळे बारीक केले, बोटाने ती गोळा केली, पसरली, पुन्हा गोळा केली. चिमटीने दिलेल्या गोष्टीतून किती गेलं, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. दुकानात वजन केलेली चिमूट चार हरभऱ्यांची होती, पण सकाळची चिमूट तीनची असेल, पाचची असेल. ज्या हाताने मोजलं नाही त्यालाच तो आता विचारत होता.

"सनोबर, पोरीला कोमट पाणी पाजा, पोट तट्ट होईपर्यंत. मग घशात पीस घाला. बाहेर काढू द्या."

आतून धावपळ ऐकू आली. भांड्यांचा आवाज, मुलीचं रडणं. रडणं ऐकून हमरोकुलला बरं वाटलं. शेजारच्या भिंतीआडून मघाची हिंगवाली म्हातारी म्हणाली, "दुंब्या मेंढ्याची चरबी वितळवून द्या गं. पोटातलं सगळं विष धरून आणते."

"चरबी नको," हमरोकुल ओरडला. "अम्मा, पाया पडतो, चरबी नको, लोणी नको, तेल नको. ही पूड पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मी करून पाहिलंय. चरबी गेली की सगळी अंगात भिनेल."

"आता हा शिकवणार. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"अम्मा, ज्याने विष दिलं त्याला विषाचं थोडं कळत असतं. एवढं ऐका."

म्हातारी पुटपुटत गप्प झाली. आत ओकारीचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. सनोबरने दारातून डोकं बाहेर काढलं. "पाणी आलं, पाकाचा चिकटा आला. पूड दिसली नाही. अजून पाजते."

"तिचे हात बघ. झटके येतात का?"

"अंगठा उडतोय. मधूनमधून."

हमरोकुल नियाझमतकडे वळला. "नव्या शहरात जा. उरुसांच्या डॉक्टरला घेऊन ये. गाडी कर, धावत ने. त्याला सांग, कारखान्यातली पांढरी पूड आहे, किरमाणी ओव्याची. त्याच्याकडे झटक्यांवर काहीतरी असेल."

नियाझमत जागचा हलला नाही. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तो विचारेल, पूड कुठून आली. चोरीचा माल आहे तो. तुला नेतील, हमरोकुल. बैठक उलटणं परवडलं."

"विचारलं तर नाव सांग. माझं."

"अजून थोडं थांबून बघू. पोर सुधारली तर..."

"आणि नाही सुधारली तर? तेव्हा धावणार आहेस?"

नियाझमत निघाला. मोजडी गळून पडायला लागली तशी त्याने ती हातात घेतली आणि अनवाणी पळाला.

मशिदीतून दुपारची बांग झाली. हमरोकुल दाराबाहेर मातीत बसला. नमाजेला जायचं त्याला सुचलं नाही. दाराच्या फटीतून मुलीचा आवाज येत होता, बारीक, चिडलेला.

"तिचं नाव काय?" त्याने फटीजवळ तोंड नेऊन विचारलं.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तुर्सुनॉय."

राहा, असं म्हणून ठेवलेलं नाव. हिच्या आधीची राहिली नव्हती. हमरोकुलने कपाळ दाराला टेकवलं.

"तिला किड्यांखाली पसरलेला कागद दाखव. रंग कुठला ते विचार."

आत कुजबुज झाली. "पिवळा म्हणते. आका, कागद तर पांढरा आहे. डोळे गेले का तिचे?"

"नाही. उतरेल ते." तो हे सांगत होता खरा, पण सारिमसाक दांडगा होता आणि ही केवढी होती ते त्याने पाहिलंही नव्हतं. "पाणी पाजत राहा. घोट घोट. थांबू नका."

वेळ गेला. दोन बायका दाराआड येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याविषयी, तो ऐकत नाही असं धरून, बोलल्या. एक म्हणाली, याला दगडाने मारायला पाहिजे. दुसरी म्हणाली, निदान आला तरी. पहिली म्हणाली, आला म्हणून काय हार घालायचे? किलकिल्या दारातून एक नान आणि पाण्याचा वाडगा बाहेर सरकला. कोणी ठेवला ते दिसलं नाही. तो पाणी प्यायला, पण नानला त्याने हात लावला नाही.

सनोबर बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत मातीचं एक पसरट भांडं होतं. ते तिने त्याच्या नाकासमोर धरलं.

"बघा. सारिमसाकच्या कढईत शोभेल असं."

भांड्यात मुलीची लघवी होती, केशर कालवल्यासारखी गर्द पिवळी. हमरोकुलने भांडं हातात घेतलं, उन्हात धरलं, कलतं करून पाहिलं. वास घेतला. एवढ्या आदराने त्याने काबूलच्या केशराकडेही पाहिलं नव्हतं.

"निघतंय," तो म्हणाला. "पाण्याबरोबर बाहेर पडतंय. अंगठा?"

"मघापासून नाही उडाला. आईला चावली. नान पाहिजे म्हणते."

"कोरडं द्या. लोणी लावू नका."

"सांगितलं. त्या म्हातारीने लोण्याचं मडकं स्वतः उचलून आत ठेवलं." सनोबर त्याच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून, मातीत टेकली. झोळी मांडीवर घेतली. "उठा आता, आका. असे दारात बसून राहिलात तर लोक म्हणतील, मागणी घालायला आलाय."

लांबून गाडीच्या चाकांचा खडखडाट येत होता. नियाझमत असावा, आणि त्याच्याबरोबर टोपी घातलेला कोणी गोरा माणूस, ज्याचा पहिला प्रश्न काय असेल ते हमरोकुलला ठाऊक होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाने मागावरचे पुरुष येऊ लागले होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती असं त्यांच्या चालीवरून दिसत होतं.

हमरोकुलने भांडं पाटाच्या पाण्याने नीट धुतलं आणि सनोबरच्या हातात परत दिलं.

"कशाची वाट बघताय?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळेची," तो म्हणाला. "याहून फिकी आली पाहिजे."